चौथीतलं मूल पाचवीच्या वर्गात पोचवताना

आमच्या शाळेतून हायस्कूलला गेलेल्या एका मुलाला पहिल्याच महिन्यात अकरा गैरहजेऱ्या लागल्या होत्या. प्रत्यक्षात तो एक दिवसही घरी राहिला नव्हता. तो बोलताना अडखळायचा. आमच्याकडे हजेरीला मी नाव घ्यायची आणि तो हात वर करायचा. सतरा मुलांच्या वर्गात तेवढं पुरायचं. पाचवीच्या वर्गात पटावर चौसष्ट मुलं आणि हजेरी नंबरानं. ‘यस सर’मधला ‘य’ त्याच्या ओठांवर येईपर्यंत सर पुढच्या नंबरावर गेलेले असायचे. बसायचा मागच्या बाकावर, त्यामुळे वर केलेला हात कुणाला दिसायचा नाही. शेवटी त्याची आई आमच्या शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. “बाई, पोरगं रोज दप्तर घेऊन जातंय, मग ह्यो कागद कसा आला?”

त्या वर्गशिक्षकांना मी दोष देत नाही. चौसष्ट नवी तोंडं, त्यात हा एक. चूक माझी होती. चार वर्षं जे मला माहीत होतं, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. दाखला दिला, रजिस्टरवर पालकाची सही घेतली आणि माझं काम संपलं असं मी धरून चालले. त्या वर्षापासून मी चौथीच्या मुलांसाठी काही कामं नेमानं करते. ‘पवित्र’ पोर्टलवरून नेमणूक होऊन पुष्कळ नवे शिक्षक वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत आले आहेत आणि चौथीचा वर्ग हाती आला की यातलं काय, कधी करायचं हे त्यातले बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहिते आहे.

आधी थोडं आपल्या रचनेबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी आहे. महाराष्ट्रात मात्र घडी जुनी आहे: चौथीपर्यंत गावातली जिल्हा परिषद शाळा, मग पाचवी ते दहावी संस्थेचं हायस्कूल. काही जि.प. शाळांना पाचवीचा वर्ग जोडला गेला, काही शाळा सातवीपर्यंत आहेत. तुमच्याकडे मूल पाचवीनंतर किंवा सातवीनंतर बाहेर पडत असेल तर महिने तेच राहतील, फक्त इयत्ता बदलून वाचा. मी चौथीचं लिहिते, कारण नऊ-दहा वर्षांचं मूल एकटं दुसऱ्या गावाला जायला लागतं ते तिथूनच.

१. संक्रांत झाली की यादी करा

जानेवारीत एका वहीत चौथीच्या प्रत्येक मुलाचं नाव लिहा. पुढं तीन रकाने: कुठल्या शाळेत जाणार, कसं जाणार, घरात हे कोण ठरवणार. तिसरा रकाना नवे शिक्षक सोडून देतात. आईशी बोलून येतात, आणि निर्णय असतो आजोबांचा किंवा चुलत्याचा.

हे वर्गात उभं करून विचारू नका. ‘हायस्कूलला कोण कोण जाणार?’ म्हटलं की सगळे हात वर होतात, ज्याला पाठवणार नाहीत त्याचाही. घरी जा, संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर. उत्तरं ऐकण्याची सवय होते. ‘लावायचं हाय की दाखला’ म्हणजे काळजी नाही. ‘बघू की’ म्हणजे अजून दोनदा जावं लागेल. ‘मामाच्या गावाला ठेवणार’ हे उत्तर सगळ्यांत फसवं. मामाचं गाव कुठलं, तिथली शाळा कोणती, हे लिहून घ्या आणि जमलं तर मामाचा फोन नंबरही. असं मूल आपल्या यादीतून जातं, तिकडच्या यादीत येत नाही आणि मधल्यामध्ये दोन वर्षं शेळ्यांमागं हिंडतं.

यादीत काही नावांपुढं खूण करून ठेवा. घरात तान्हं भावंड असलेली मुलगी. मेंढरांमागं फिरणाऱ्या कुटुंबातलं मूल. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल, कारण ही माणसं दिवाळीच्या आगेमागे जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर परततात. पुढच्या सगळ्या बैठका आणि कागद नेमके त्याच काळात असतात. ज्या मुलाचे आईवडील दोघंही तोडीवर आहेत, त्याच्यासाठी आजीलाच पालक धरून सगळं समजावून सांगा. ज्या भागात हंगामी वसतिगृह चालतं, तिथं मुलगा वा मुलगी पाचवीलाही राहू शकेल का, हे केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून, आत्ताच विचारून ठेवा.

२. जनरल रजिस्टर उघडा

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही, आणि दाखला निघतो तो तिच्यावरूनच. हे काम रुक्ष आहे, पण याला दोन दुपारी द्याच. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरातली चुकीची नोंद पुराव्यानिशी आणि रीतसर परवानगीनं दुरुस्त होऊ शकते. एकदा दाखला निघाला की तीच नोंद बदलून घेणं फार जिकिरीचं होतं. आणि पुढं दहावीच्या प्रमाणपत्रापासून जात पडताळणीपर्यंत सगळीकडे हाच कागद मागतात.

प्रत्येक मुलाच्या पालकाला बोलवा, नोंद त्यांच्यासमोर उघडा आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, जात आणि पोटजात. ज्यांना वाचता येत नाही ते पालक घाईत ‘बरोबर हाय’ म्हणून टाकतात, म्हणून दर नोंदीला थांबा. एका मुलीची जन्मतारीख अंकात ०३ होती आणि अक्षरात ‘तेरा’. चार वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आडनावाचे घोटाळेही असतात: रजिस्टरात गावावरून पडलेलं आडनाव, आधार कार्डावर कुळाचं.

चूक सापडली तर स्वतःच्या पेनानं खाडाखोड करू नका, मग ती कितीही किरकोळ असो. पालकाचा अर्ज, जन्माचा दाखला किंवा दुसरा पुरावा घेऊन मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवायचा असतो. त्याला वेळ लागतो. म्हणूनच हे फेब्रुवारीत, मेमध्ये नाही.

त्याच बैठकीत यू-डायसवरचा, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला, मुलाचा पेन क्रमांक (त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक) एका चिठ्ठीवर लिहून पालकाला द्या. हायस्कूलमध्ये तो आणि जन्मतारीख घालून मुलाची नोंद ऑनलाइन ओढून घेतात.

३. एका पानाची ओळख

गैरहजेरीच्या त्या प्रकारानंतर मी हे सुरू केलं, आणि सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो. प्रत्येक मुलामागं एक पान. पंधरा-वीस ओळी, हातानं लिहिलेल्या.

आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी असतात, प्रगतिपुस्तक असतं, मग हे कशाला? कारण पाचवीच्या शिक्षकाला शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात जे हवं असतं ते त्यात नसतं. ‘उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो’ या वाक्यावरून कुणाला कुठं बसवायचं हे कळत नाही. त्या मुलाचं पान मी आज लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

‘बोलताना अडखळतो. पहिल्या शब्दाला वेळ लागतो, वाक्य सुरू झालं की बोलतो. हजेरीला हात वर करतो, म्हणून पुढच्या दोन बाकांत बसवावं. त्याचा शब्द दुसऱ्यानं पूर्ण केलेला त्याला आवडत नाही. गटानं कविता म्हणताना अजिबात अडखळत नाही. वाचन चांगलं, मनात वाचून उत्तरं लिहितो. गणितात हातच्याची वजाबाकी येते, दोन अंकी संख्येनं भागताना अडतो, पाढा शेजारी लिहून दिला की करतो. चित्रं काढतो, विशेषतः बैलांची. अमुक मुलाशी दोस्ती आहे, सुरुवातीला शेजारी बसले तर बरं.’

यात मुलावर शिक्का मारणारं एकही विशेषण नाही हे बघा. ‘हुशार’, ‘मठ्ठ’, ‘खोडकर’, ‘लाजाळू’ हे शब्द पानावर येऊ देऊ नका. नव्या शाळेत मुलाला नवी सुरुवात मिळते, आपण त्याच्या आधी जाऊन शिक्का मारायचा नाही. ‘खोडकर’ऐवजी ‘पंधरा मिनिटांवर बसून राहणं जमत नाही, फळा पुसायला किंवा वह्या गोळा करायला उठवलं की पुन्हा बसतो’ असं लिहिलं तर पुढच्या शिक्षकाच्या हातात काहीतरी पडतं.

काय लिहायचं ते ठरवताना मी मनात एक क्रम ठेवते. आधी शरीराचं: दिसणं, ऐकणं, बोलणं, फिट येते का, दम लागतो का. मग वाचन नेमकं कुठवर आलंय. मग गणितात नेमकं कुठं अडतं. मग सोबत कुणाची लागते. शेवटी जीव कशात रमतो. घरातली भांडणं, वडिलांचं व्यसन, आईनं दुसरं घर केलं, हे कागदावर आणू नका. कागद कुणाच्याही हाती लागतो. शाळेला कळणं गरजेचंच असेल तर वर्गशिक्षकांना भेटून तोंडी सांगा. आजाराबद्दलही पालकांना विचारूनच लिहा, आणि लिहिलेलं पान त्यांना वाचून दाखवा. एका आईनं पान ऐकून सांगितलं होतं, “तिला अंधाराची भीती वाटते, ते बी लिवा, शेवटच्या गाडीनं येताना अंधार पडतो.” हे मला ठाऊकच नव्हतं.

ज्या मुलांना विशेष शिक्षकांची मदत चालू आहे, त्यांची फाईल वेगळी असते. ती केंद्रात विचारून नव्या शाळेपर्यंत जातेय ना, एवढं पाहा.

४. वर्गातली तयारी, फेब्रुवारीपासून

चौथीच्या मुलानं चार वर्षं एकाच माणसाचा चेहरा बघून दिवस ओळखलेला असतो. बाई गणित घेतायत, कंटाळा दिसला की गाणं घेतात, पाऊस आला की खिडकी लावून गोष्ट सांगतात. हायस्कूलला पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, घंटा झाली की माणूसच बदलतो. अर्धवट राहिलेलं उदाहरण तसंच राहतं. मुलं बावचळतात ती अभ्यासानं नाही, या घंटेनं.

म्हणून आठवड्यातले दोन दिवस वर्गात वेळापत्रक लावा. फळ्याच्या कोपऱ्यात सहा तासिका लिहा, वेळ झाली की एका मुलाला घंटा द्यायला सांगा आणि खरंच थांबा, वाक्य अर्धं असलं तरी. द्विशिक्षकी शाळेत सहकारी गुरुजींशी दोन तासिकांची अदलाबदल करा, म्हणजे माणूस बदलण्याचीही सवय होते. पहिल्या दिवशी गोंधळ उडतो, तिसऱ्या आठवड्यात मुलं घंटेआधीच वही मिटायला लागतात.

मग दप्तर. आमच्याकडे पुष्कळ मुलांची एकच जाड वही असते, पुढून मराठी, मागून गणित. पाचवीत प्रत्येक विषयाची वेगळी, त्यात वर्गपाठ-गृहपाठ वेगळे. एका मुलीनं पहिला महिनाभर सगळ्या विषयांची सगळी वह्या-पुस्तकं रोज नेली, कारण कुठली न्यायची हे वेळापत्रकावरून ठरवायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तिचे खांदे दुखायला लागले तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. एप्रिलमध्ये खोटं वेळापत्रक कागदावर द्या आणि ‘उद्या मंगळवार, दप्तर भरा’ असा खेळ घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

फळ्यावरून उतरवून घेण्याचा वेग वाढवा. आपण मुलांसाठी थांबतो, तिथं थांबायला वेळ नसतो. रोज पाच ओळी, आधी पाहून, मग एक वाक्य लक्षात ठेवून एकदम लिहायचं. अक्षर-अक्षर बघून उतरवणाऱ्या मुलांना यानं फार फरक पडतो.

विषयांचं म्हणाल तर पाचवीत हिंदी नव्यानं येते. लिपी तीच, ऐकलेलीही असते, त्यामुळे भीती नको. खरी अडचण ‘सेमी’ची. बऱ्याच हायस्कूलांत पाचवीपासून सेमी इंग्रजीची तुकडी असते, म्हणजे गणित आणि पुढं विज्ञान इंग्रजीतून. आपल्या मुलांनी गणित ३४७ असं देवनागरी अंकांत केलेलं असतं. तिथं अंकही इंग्रजी, आणि ‘बेरीज करा’च्या जागी ‘अॅड’. बेरीज येणारं मूल ‘मला येत नाही’ म्हणून गप्प बसतं. मार्चमध्ये रोज दहा मिनिटं इंग्रजी अंकांत तीच उदाहरणं सोडवून घ्या आणि अॅडिशन, सबट्रॅक्शन, मल्टिप्लिकेशन, डिव्हिजन, फ्रॅक्शन, अँगल असे वीस-पंचवीस शब्द भिंतीवर लावा. सेमी घ्यावं की नाही हे पालकांना ठरवू द्या, पण विचारलं तर माझं मत मी स्पष्ट सांगते: ज्या मुलाचं मराठी वाचन अजून अडखळतंय, त्याला सेमीत घालण्याची घाई करू नये. तुकडीच्या नावापायी मूल गणित गमावतं.

२०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात पुन्हा. ‘आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत’ असं अजून पालक म्हणतात, त्यांना हे सांगायला हवं. मुलांना मात्र याचा धाक घालू नका.

आणि काही वाक्यं बोलायला शिकवा, चक्क पाठ करून घ्या. ‘सर, मला समजलं नाही, परत सांगता का?’ ‘मॅडम, मी बाहेर जाऊन येऊ?’ ‘मला फळा दिसत नाही, पुढं बसू का?’ आमची मुलं चार वर्षं ‘बाई’ आणि ‘गुरुजी’ म्हणतात. तिथं ‘सर’ आणि ‘मॅडम’ असतात. पहिल्या दिवशी तोंडून ‘बाई’ निघालं आणि मागचे हसले, एवढ्यावरून एक मुलगी आठवडाभर बोलली नव्हती.

५. एक दिवस हायस्कूलला

सहल नव्हे, भेट. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की त्या मुख्याध्यापकांना पत्र द्या, पालकांची लेखी संमती घ्या, सोबत दोन-तीन पालक घ्या आणि मुलं पुढं जशी जाणार आहेत तशीच न्या: गाडीनं जाणारी गाडीनं, चालत जाणारी चालत. शाळा भरलेली असतानाच जायचं. रिकामी इमारत बघून काही कळत नाही, आठशे मुलांचा गलका ऐकावा लागतो.

प्रयोगशाळा, संगणक कक्ष हे तिथले शिक्षक हौसेनं दाखवतात. दाखवू द्या, मुलांचे डोळे चमकतात. पण तुम्ही स्वतः या गोष्टी दाखवा: पाण्याची टाकी कुठं, मुलींचं स्वच्छतागृह कुठं आणि त्याला कडी आहे का, पाचवीचा वर्ग कुठला, कार्यालयाची खिडकी कुठली, काही झालं तर कुणाकडं जायचं, गाडी सुटली तर कुठं थांबायचं. प्रत्येक मुलीला स्वच्छतागृहात आत जाऊन यायला लावा. जागा माहीत नाही आणि विचारायची लाज, म्हणून अकरा ते पाच पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. उन्हाळी लागून आजारी पडतात आणि घरचे म्हणतात शाळा मानवत नाही.

आपल्याच शाळेतून गेलेली सहावी-सातवीची मुलं तिथं असतात. त्यांच्याकडे आपल्या मुलांना अर्धा तास सोपवा आणि तुम्ही बाजूला व्हा. ती जे सांगतात ते आपल्याला सांगता येत नाही.

६. पालकांची बैठक एप्रिलमध्ये, जूनमध्ये नको

जूनमध्ये पेरणी असते. बी, खत, औतभाडं यांतून हातात पैसा उरत नाही, आणि त्याच आठवड्यात शाळेचा खर्च कळला तर ‘यंदा ऱ्हाऊ द्या’ हे उत्तर तयार असतं. एप्रिलमध्ये कळलं तर एखादी शेळी विकून किंवा मजुरीतून बाजूला काढून सोय होते.

जि.प. शाळेत गणवेश मोफत मिळतो. संस्थेच्या हायस्कूलात बहुधा तो विकत घ्यावा लागतो, हे पालकांच्या ध्यानात नसतं. दुसरीकडं, अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत आहेत आणि पोषण आहारही आठवीपर्यंत आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं. दोन्ही आकडे समोर ठेवा. माजी विद्यार्थ्यांचे लहान झालेले गणवेश गोळा करून ठेवले तर तीन-चार घरांचं भागतं. मी ते धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून घरी नेऊन देते, शाळेत सगळ्यांसमोर नाही.

जाण्या-येण्याचं बोला, नीट बोला, कारण मुलींची शाळा सुटते ती इथं. कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी, पण आमच्या वस्तीपासून हायस्कूल चार किलोमीटर आहे. अशा ठिकाणी वाहतूक सुविधेचा प्रस्ताव जातो का, हे केंद्रप्रमुखांना विचारा. ग्रामीण मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांपैकी असेल तर मुलींसाठी त्यातून वेगळ्या बस धावतात. २०२४ पासून एसटीचे कर्मचारी शाळेतच येऊन पास देतात, त्यासाठी हायस्कूलनं आगाराला यादी द्यावी लागते. म्हणून पालकांनी पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे नाव द्यायचं.

पण पास असून गाडीच नसेल तर? गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नसेल तर मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांच्या सहीचं पत्र आगारप्रमुखांना एप्रिलमध्येच द्या. आमच्याकडे संध्याकाळची गाडी वीस मिनिटं पुढं सरकायला दोन वर्षं आणि पाच पत्रं लागली. सरकली. तोवर आम्ही वस्तीवरच्या मुलींचे गट केले होते: प्रत्येक गटात एक आठवी-नववीची ताई, निघण्याची जागा ठरलेली, कुणी राहिलं असेल तर गट थांबणार.

बैठकीनंतर मुलींच्या आयांना मागं थांबवून घ्या. पाळी पाचवी-सहावीत येऊ शकते आणि मूल तेव्हा आईपासून चार किलोमीटरवर असतं. दप्तरात एक छोटी पिशवी असावी, शाळेत कुणा मॅडमना सांगायचं ते ठरलेलं असावं. शिक्षक पुरुष असतील तर अंगणवाडीताई किंवा आशाताईंना बोलवा. पण हा विषय सोडू नका.

७. दाखला

यात अडवणूक करायची नाही, आणि होऊ द्यायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडत नाही. वस्तीवरच्या माणसाला कुणी खिडकीतून ‘कागद अपुरे आहेत’ म्हणालं की तो मुकाट्यानं परत येतो, म्हणून हे त्याला आधी सांगून ठेवा. आपला पट कमी होईल, शिक्षकाचं पद जाईल या काळजीनं दाखला रेंगाळत ठेवणं हे मुलाचं नुकसान करून स्वतःची सोय बघणं आहे.

दाखल्यासोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत प्रगतिपुस्तक, आधारची प्रत, जातीच्या दाखल्याची प्रत असेल तर ती, बँक पासबुकाची प्रत आणि पेन क्रमांकाची चिठ्ठी द्या. यू-डायसवर मूल ‘शाळा सोडली’ असं वेळेत दाखवलं नाही तर नव्या शाळेला ते घेता येत नाही, तेवढी नोंद तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात करा.

एका पानाची ओळख मात्र पालकाकडे किंवा कार्यालयात देऊ नका. पाचवीचे वर्गशिक्षक ठरले की स्वतः जाऊन त्यांच्या हातात द्या, आणि दहा मिनिटं बसून तीन-चार मुलांबद्दल बोला, सगळ्यांबद्दल नको. बहुतेकांना हे हवं असतं. एका सरांनी पानं वहीला चिकटवून वर्षभर टेबलावर ठेवली होती. एखादे जण म्हणतीलही, ‘आम्ही बघून घेऊ.’ तरी पान ठेवून या.

८. जूनपासून दिवाळीपर्यंत

शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी जानेवारीतली यादी काढा आणि वर्गशिक्षकांना फोन करा: यातलं कोण आलं नाही? जे नाव आलं नाही त्या घरी त्याच संध्याकाळी जा. पहिल्या पंधरवड्यात आणलेलं मूल टिकतं, गणपतीनंतर आणलेलं टिकायला फार जड जातं.

दुसरा फोन पहिल्या घटक चाचणीनंतर. मार्क थोडे घसरलेले असतात, त्यानं घाबरू नका आणि पालकांनाही घाबरू देऊ नका. विचारायचं ते वेगळं: डबा कुणाबरोबर खातो, वर्गात कधी बोलली का, सोमवारी पोट दुखतं का. दर सोमवारी पोट दुखणारं मूल काहीतरी सांगतंय. मारहाण किंवा चिडवाचिडवी असेल तर पालकांसोबत मुख्याध्यापकांना भेटा. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला कायद्यानं बंदी आहे.

मेंढपाळांची मुलं दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात. ती निघण्याआधी आईवडिलांना सांगा की जिथं मुक्काम असेल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं, आणि परत आल्यावर पाचवीतून नाव गेलेलं नसेल हे वर्गशिक्षकांशी बोलून पक्कं करा.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार मी मोकळा ठेवते. त्या दुपारी पाचवीला गेलेली मुलं आमच्या शाळेत येतात आणि आताच्या चौथीच्या मुलांसमोर बसतात. मी फक्त कोपऱ्यात बसून प्रश्न लिहून घेते. ‘सर मारतात का?’ ‘गाडी चुकली तर?’ ‘डबा सांडला तर दुसरा मिळतो का?’ ‘तिथं झाड हाय का बसायला?’ अडखळणारा तो मुलगा आता सातवीत आहे. मागच्या वेळी तोही आला होता आणि हजेरी कशी घेतात हे त्यानं सांगितलं, वेळ घेऊन, सगळं स्वतःच. त्या दुपारचे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर राहतात. संक्रांतीनंतरची यादी त्याखालीच सुरू होते.